नऊ नंबरच्या विहिरीचं वेळापत्रक

आमच्याकडे पाहुणे आले की बाबा न्हाणीघराचा आलेख काढायचे. आडव्या रेघेवर पहाटे पाच ते साडेनऊ, उभ्या रेघेवर माणसं. मिरजेची आत्या निळ्या पेन्सिलीने, तिचे यजमान तांबड्या, आम्ही घरची माणसं साध्या शिसपेन्सिलीने. कागद न्हाणीघराच्या दारावर चिकटवला जायचा आणि मावशीने दहा मिनिटं जास्त घेतली की बाबा बाहेरून आईला ओरडून विचारायचे, "शैला, तुझी बहीण पॅसेंजर आहे का? प्रत्येक स्टेशनावर थांबतेय!"

बाबा दक्षिण रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. मिरजेहून वयाच्या बाविसाव्या वर्षी मद्रासला आले आणि पस्तीस वर्षं एका मोठ्या कागदासमोर बसले. कागदावर गाड्या तिरक्या रेघांनी धावायच्या. रेघ आडवी झाली की गाडी थांबली. मी शाळेत असताना एकदा विचारलं होतं, का थांबली ते कसं कळतं? ते म्हणाले, "कागद एवढंच सांगतो, की थांबली. का, ते स्टेशनमास्तरला फोन करून विचारावं लागतं."

२००६च्या फेब्रुवारीत बाबा गेले. जुलैमध्ये नऊ नंबरच्या विहिरीचे आकडे माझ्याकडे आले.

चेन्नईत अड्यारला आमचं बारा माणसांचं ऑफिस होतं. तेल आणि गॅस काढणाऱ्या कंपन्यांचे आकडे घ्यायचे आणि ते डोळ्यांना दिसतील असे मांडायचे, हा आमचा धंदा. रघुराम आमचा मालक. तो सगळ्यांना सांगायचा, की माणूस हजार आकडे वाचत नाही, पण एका तक्त्यातला वेगळा रंग त्याला लगेच दिसतो. ते खरंही होतं. फक्त तो ते दिवसातून तीनदा सांगायचा.

नऊ नंबर ही गॅसची विहीर, तिरुवारूरच्या पुढे भाताच्या शेतांमध्ये. मालकी एका खाजगी कंपनीची. गॅसबरोबर जमिनीतून थोडं पाणीही येतं. विहीर तरुण असते तोवर गॅस ते पाणी सहज वर फेकतो. जोर कमी झाला की पाणी तळाशी साठतं आणि गॅसची वाट अडवतं. मग व्हॉल्व्ह बंद करून विहिरीला सहाएक तास दम खाऊ द्यायचा. आत दाब चढतो. मग उघडायचं, आणि त्या पहिल्या झटक्यात पाणी बाहेर. पुढे नऊदहा तास ती बरी चालते, मग पुन्हा बंद. नऊ नंबरचं हे उघडझाप प्रकरण चौदा महिने चालू होतं आणि चौदाही महिने तिचा गॅस कमी कमी होत होता. महिन्याची सरासरी काढून रेघ ओढली की ती सरळ उतरत डिसेंबरपर्यंत जमिनीला टेकत होती.

"विहीर कायमची बंद करायची, असं कंपनीने जवळजवळ ठरवलंय," रघुराम म्हणाला. "आपण फक्त एक सुंदर चित्र द्यायचं, की हो, ती मरतेय. ऑगस्टमध्ये मीटिंग."

मी सुंदर चित्र काढायला बसले. पण सरासरीवर माझा विश्वास कमी. पंधरा गाड्या वेळेवर आल्या आणि एक पाच तास उशिरा आली, तर सरासरीने सगळ्याच गाड्या वीसेक मिनिटं उशिरा, असं बाबा म्हणायचे, आणि मग त्या एका गाडीतल्या लोकांना जाऊन सांगा.

म्हणून मी सरासरी सोडली आणि विहीर जितक्या वेळा उघडली गेली तेवढे सगळे क्षण एकेका ठिपक्यासारखे मांडले. दीड वर्षापूर्वी विहिरीवर दाब नोंदवणारं यंत्र बसवलं होतं, दर पाच मिनिटांची नोंद होती. आडवे दिवसाचे तास, उभे आठवड्याचे वार. उघडल्यावर पाणी नीट बाहेर पडलं असेल तर ठिपका हिरवा, नाहीतर लाल.

रात्रीचे ठिपके जवळजवळ सगळे हिरवे. दिवसाचे कुठे लाल, कुठे हिरवे. आणि मधे मोकळ्या जागा. प्रत्येक वारी एक मोकळी जागा, बरोबर दीड तासाची. तेवढ्या वेळात चौदा महिन्यांत एकदाही विहीर उघडलेली नाही. त्या मोकळ्या जागेच्या अगदी अलीकडे लाल ठिपक्यांची गर्दी.

जागा दर वारी वेगळी होती. मी वार जरा हलवून पाहिले. जिथे मोकळी जागा सर्वांत लवकर तो वार वर, मग त्यानंतरचा. पडद्यावर स्वच्छ जिना उभा राहिला. मी वारांची नावं वरून खाली वाचली. सोम, शनि, शुक्र, बुध, गुरु, मंगळ, रवि.

चेन्नईत शाळेत गेलेल्या कुठल्याही मुलीला हा क्रम पाठ असतो. मैत्रिणींची लग्नं ठरताना, कोणी स्कूटर घ्यायला निघताना, परीक्षेचा फॉर्म भरताना तो बोटांवर मोजला जातो. सोमवारी साडेसात ते नऊ, शनिवारी नऊ ते साडेदहा, आणि असाच पुढे. राहुकाळ.

मी इतक्या मोठ्याने हसले असणार, की रघुराम केबिनमधून बाहेर आला.

"काय झालं?"

"काही नाही. मला एक फोन करायचाय."

विहिरीवर एक पत्र्याची खोली असते आणि तिथे लँडलाइन असते. दिवसपाळीच्या ऑपरेटरने फोन घेतला. मी तमिळमध्ये नाव सांगितलं, नीलम तेरदाळकर.

पलीकडून मराठीत, "तेरदाळकर? मग तमिळ कशास बोलता? आम्ही मराठेच. माझें नांव राणोजी. तंजावुरचे."

बखरीतला कोणी फोनवर आल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "वा! केव्हापासून?"

"तीनशें वर्षें होत आलीं. जेवण जाहलें काय तुमचें?"

"झालं, काका."

"काय जेवलां?"

"दहीभात."

"आमा, सरि. ठीक. आतां विचारा."

मी जपून विचारलं. "काका, शुक्रवारी साडेदहा ते बारा तुम्ही विहीर कधी उघडत नाही ना?"

"हें कोणी सांगितलें तुम्हांस?"

"तुमच्या दाबाच्या यंत्राने."

"तो डबा? तो चुगली करितो होय! मी त्याला रोज फडक्यानें पुसतों."

मला पुन्हा हसू आलं, त्यांनाही. मग ते म्हणाले, "राहुकाळांत कोणी नवें काम काढील काय, अम्मा? विहीर उघडणें म्हणजे कामाची सुरुवात. बंद करावयास हरकत नाहीं. रात्रपाळीस हा प्रश्नच नाहीं."

"ते कळलं. पण मग तुम्ही त्याच्या आधीच का उघडता?"

"मग काय करूं? बारापर्यंत थांबलें तर कंपनीचा वेळ फुकट जातो. म्हणून सवादहासच उघडितों. सहा तासांस पाऊण तास, एक तास कमी. एवढेंच."

एवढंच. मी समोरच्या लाल ठिपक्यांकडे पाहत होते. सहा तास पूर्ण झाले की दाब साधारण पासष्ट किलोपर्यंत जायचा आणि पाणी बाहेर पडायचं. तासभर आधी तो पंचावन्नच्या खाली असायचा. तेवढ्याने पाणी अर्ध्यावर यायचं आणि परत तळाशी जायचं. पुढच्या वेळी त्यावर आणखी पाणी.

मी त्यांना हे सांगितलं. सांगायला नको होतं का, असं लगेच वाटून गेलं.

"म्हणजे मीच तिला बुडविली," ते म्हणाले.

"बुडवली नाही. दमली आहे."

"चौदा महिने मी म्हणतों, पोरीस काय जाहलें. रोज आकडा कमी." मग, "अम्मा, तुम्ही माझें नांव लिहाल काय?"

विहीर बंद झाली की तिथली चारही माणसं घरी जाणार होती, सगळी कंत्राटावरची. राणोजी चौपन्न वर्षांचे. आणि विहीर का बिघडली ते मी लिहिलं, तर तिघं राहतील आणि ते एकटे जातील. त्यांनी हे मला समजावून सांगितलं नाही. गरजही नव्हती.

"अजून काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

रघुरामने तक्ता पाहिला आणि खुर्चीत बसला. "हे आपण दाखवायचं नाही. एक तर ते हसतील, नाहीतर त्या माणसाला काढतील. 'स्थानिक कार्यपद्धतीमुळे होणारे विचलन' असं लिही."

"म्हणजे काय?"

"कोणालाच कळू नये, म्हणून तर तसं लिहायचं." मग तो उसळून म्हणाला, "एकविसाव्या शतकात, नीलम! गॅसची विहीर! राहुकाळ!"

"रघुराम, या ऑफिसच्या उद्घाटनाची पूजा किती वाजता होती?"

"तो भाग वेगळा. तो माझ्या सासऱ्यांचा हट्ट होता."

"बरं."

"आणि तू बरं म्हणताना असं बघू नकोस."

शेवटी एवढं ठरलं, की मीटिंगआधी दोन आठवडे विहीर नव्या वेळांनी चालवून पाहायची परवानगी मागायची. रघुरामने ती मिळवली. कशी, ते त्याने सांगितलं नाही. आता वेळा मी काढायच्या होत्या.

त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला. संगणकावर जमलं असतं, पण मला हाताने करायचं होतं. आईने न विचारता कपाटाच्या वरच्या खणातून पेन्सिलींचा डबा काढून दिला. पाच महिन्यांत तो कोणी उघडला नव्हता. पेन्सिलींना टोकं होती. बाबा वापरून झालं की टोक करूनच ठेवायचे.

रेल्वेत रुळांच्या दुरुस्तीसाठी ब्लॉक घेतात. तेवढा वेळ त्या रुळावर गाडी नाही. बाबांच्या कागदावर ब्लॉक म्हणजे रेघारेघांची एक चौकट, आणि गाड्यांच्या रेघा तिच्या अलीकडून नाहीतर पलीकडून जायच्या. ब्लॉक योग्य की अयोग्य, हा कंट्रोलरचा प्रश्नच नसतो. मी आठवड्याचा कागद आखला आणि सात ब्लॉक टाकले. मग विहीर बंद करायच्या वेळा मागेपुढे सरकवायला लागले, म्हणजे दाब पुरा चढेल तेव्हा ब्लॉक संपलेला असेल, किंवा सुरू व्हायला बराच अवकाश असेल. तासाभराची सरकवासरकव पुरत होती. विहिरीला त्याने काही होत नव्हतं, राणोजींचा राहू सांभाळला जात होता आणि कंपनीचा वेळही जात नव्हता.

आई शेंगा सोलत बघत होती. "ब्लॉकच्या रेघा तिरक्या मारायचे ते," ती म्हणाली. "तू उभ्या मारल्यास."

"त्याने काय होतं?"

"काही होत नाही. पण ते तिरक्या मारायचे."

मी खोडून तिरक्या मारल्या. आई म्हणाली, "मंगळवारची तुझी गाडी ब्लॉकला घासतेय बघ." खरंच घासत होती. चाळीस वर्षांत ती किती शिकली होती, हे तिने कोणाला कळू दिलं नव्हतं. मंगळवार दुरुस्त करून आम्ही दोघी भात खायला बसलो, आणि आईने आत्याच्या यजमानांची गोष्ट सांगितली, ज्यांनी एकदा आलेखातली आपली वेळ चार आण्यांना माझ्या मामाला विकली होती.

राणोजींना वेळापत्रक फॅक्सने गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "अम्मा, हें कोणीं काढलें?"

"मी. का?"

"झोकदार आहे. रविवारीं साडेचार ते सहा पण सांभाळलें! आमचा भटजी विसरतो कधीं कधीं."

पहिले चार दिवस काहीच झालं नाही. तळाशी चौदा महिन्यांचं पाणी होतं. पाचव्या दिवशी आकडा थोडा हलला. सातव्या दिवशी राणोजींनी सकाळी आठलाच ऑफिसात फोन केला, तेव्हा तिथे फक्त झाडणारी कृष्णवेणी होती. तिने निरोप लिहून ठेवला होता, 'विहीर ओकली, फार आनंद.' दुसरा आठवडा संपला तेव्हा दिवसाचा गॅस अकरा हजार घनमीटरवरून अठरा हजारांवर आला होता.

मीटिंगच्या आदल्या दिवशी मीच त्यांना फोन केला. "काका, उद्या विचारतील, आधी काय चुकत होतं म्हणून."

"विचारतीलच."

"मी काय सांगू?"

ते म्हणाले, "खोटें बोलूं नका. पण सांगाल तें सगळें सांगा. अर्धें नको."

मी रात्री त्यावर विचार केला. अर्धं म्हणजे राहुकाळ. सगळं म्हणजे काय, ते शोधायला मी विहिरीची सगळी कागदपत्रं पुन्हा वाचली.

गुरुवारी अकरा वाजता कंपनीच्या ऑफिसात मीटिंग. उत्पादनाचे प्रमुख चंद्रमौळी, पन्नाशीचे, कृश, चष्मा कपाळावर. ते नेहमी सादरीकरण शेवटच्या पानापासून पाहायचे.

"अठरा हजार," ते म्हणाले. "छान. काय केलंत?"

"वेळा बदलल्या, सर," रघुराम म्हणाला. "चक्राची नवी रचना."

"ते काय केलंत ते झालं. आधी काय चुकत होतं?"

रघुरामने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणजे तू ठरव. मी छापलेला तक्ता त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी चष्मा खाली घेतला. जिना पाहिला. मग बोट वरून खाली नेत वार वाचायला लागले. "सोम. शनि. शुक्र." बुधवारवर बोट थांबलं. पुढचं त्यांना वाचायची गरज नव्हती.

"दिवसपाळीला कोण आहे? राणोजी ना?" त्यांच्या आवाजातला छानपणा गेला होता. "चौदा महिने! किती गॅस गेला याची कल्पना आहे?"

"गॅस कुठे गेला नाही, सर. खालीच आहे. आता वर येतोय."

"तो मुद्दा नाही."

"लाल ठिपके पाहा, सर. त्यांना नुसता राहुकाळ टाळायचा असता तर त्यांनी तो संपल्यावर विहीर उघडली असती. तेच सोपं होतं, दीड तास बसून चहा प्याला असता. ते आधी उघडत होते. कंपनीचा वेळ जाऊ नये म्हणून. चौदा महिन्यांत एकदाही त्यांनी उशीर केलेला नाही."

"पण पुरेसा दाब नसताना उघडायचं नाही, हे कळायला नको?"

मी दुसरा कागद काढला. विहिरीवरच्या खोलीत भिंतीला लावलेल्या सूचनेची ती प्रत होती. "'सुमारे सहा तासांनी उघडावी,' असं लिहिलंय, सर. दाबाचा आकडा नाही. पाच तास सुमारे सहात बसतात, असं कोणालाही वाटेल."

त्यांनी कागद हातात घेतला. खाली सही होती. रघुराम वातानुकूलन यंत्राकडे पाहत होता, जणू ते आताच बिघडणार होतं.

"ही सही माझी आहे," चंद्रमौळी म्हणाले.

"हो, सर."

"रघुराम, गिऱ्हाइकाची सही अशी सर्वांदेखत पुढे ठेवू नये, हे तुमच्याकडे शिकवत नाहीत?"

"शिकवतो, सर. त्या दिवशी या रजेवर होत्या."

चंद्रमौळी हसले. आधी नाकातून, मग खुर्ची मागे ढकलून चांगले मोकळे हसले. चष्मा पुसला. मग पेन काढून सूचनेवर 'सुमारे सहा तासांनी' खोडलं आणि वर लिहिलं, 'दाब पासष्ट किलो झाल्यावर'. खाली पुन्हा सही, तारखेसकट.

"मार्चपर्यंत विहीर बंद करायच्या यादीतून बाहेर," ते म्हणाले. "वेळापत्रक तेच ठेवा. माणसंही तीच." कागद परत देताना त्यांना काहीतरी सुचलं. "आणि यादीतल्या उरलेल्या तीन विहिरींचेही असे तक्ते काढा. राणोजी एकटाच पंचांग बघतो, असं मला वाटत नाही."

ऑफिसात परतायला चार वाजले. रघुराम वाटेत रिक्षात एवढंच म्हणाला, "रजेचं मी बरं सुचवलं, नाही?" मी म्हटलं, फार बरं. त्याने रिक्षाचे सगळे पैसे दिले. हे त्याच्याकडून मोठं होतं.

मी पोचल्या पोचल्या नऊ नंबरला फोन लावला. पहिल्या घंटेलाच उचलला गेला.

"काका, विहीर चालू राहणार. तुम्ही सगळे राहणार."

"नांव घेतलें काय माझें?"

"मी नाही. साहेबांनीच घेतलं. मग मी सगळं सांगितलं. अर्धं नाही."

ते एकदम व्यवहारी आवाजात म्हणाले, "चार वाजून दहा मिनिटें. तुमच्या कागदावर आतां उघडावयाची वेळ. ठेवूं नका, ऐका."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. चपला दूर गेल्या. कोणीतरी कोणालातरी तमिळमध्ये दाब किती म्हणून विचारलं. उत्तर आलं, सदुसष्ट. मग लोखंड फिरल्याची किरकिर, आणि त्यानंतर पाइपातून काहीतरी जड, ओलं, गुळण्या करत वर येऊ लागलं. मला ते शेतांपलीकडून, शे-दोनशे मैलांवरून ऐकू येत होतं. गुळण्या वाढल्या, अडखळल्या, एक क्षण थांबल्या. मीही थांबले.

मग पाणी सुटलं, आणि त्याच्यामागून एकसारखा, कोरडा, लांबलचक आवाज सुरू झाला. तो थांबेना. तिकडे कोणीतरी टाळ्या वाजवत होतं. मी रिसीव्हर कानाला लावून तशीच बसून राहिले. रघुरामने दारातून डोकावून खुणेने विचारलं, कोण? मी त्याला खुणेनेच जवळ बोलावलं आणि रिसीव्हर त्याच्या कानाशी धरला.